नऊ स्थळे, एक दिवस, आरामात

'द्वीपकल्पाची नऊ प्रेक्षणीय स्थळे' नावाची एक पुस्तिका आमच्या पर्यटन कार्यालयात फुकट मिळते. ती हातात घेऊन कुणी फिरायला गेलं असेल आणि संध्याकाळी पाय धरून बसलं असेल, तर त्या माणसाची मी मनापासून क्षमा मागतो. ती पुस्तिका मी लिहिली आहे. तिच्यावर माझं नाव नाही, कारण कार्यालयाच्या कामावर कर्मचाऱ्याचं नाव छापत नाहीत, आणि या पद्धतीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. त्या नऊ स्थळांपैकी एकही मी पाहिलेलं नव्हतं. बावीस वर्षं या गावात नोकरी करतोय. गाव अगदी द्वीपकल्पाच्या मानेवर. किल्ला, दीपगृह, खडकाची कमान, गुहा, सगळं पंचवीस किलोमीटरच्या आत. पण इतक्या जवळचं मुद्दाम उठून कोण बघायला जातं? रविवारी जाऊ, रविवारी जाऊ म्हणता म्हणता बावीस वर्षांचे रविवार गेले, आणि त्यांतले निम्मे मोरीतला गळका नळ दुरुस्त करण्यात गेले. तो अजूनही गळतो. पुस्तिकेचं काम अंगावर आलं तेव्हा मी कपाटातली जुनी फाईल काढली, नकाशावर दोरा धरून अंतरं मोजली आणि चार दिवसांत मजकूर हातावेगळा केला. साहेबांनी 'ओघवता' असा शेरा मारला. 'सर्व नऊ स्थळे एका दिवसात आरामात पाहून होतात' हे वाक्य त्यांना विशेष आवडलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई आजारी पडली तेव्हा ताईची शाळा सुटली आणि घर तिच्याकडे आलं, घरात मी होतो, म्हणून मीही तिच्याकडेच आलो. माझा अभ्यास तिने घेतला, कान तिने पिळले, शर्टाची बटणं तिने लावली. ती राहते तिथून समुद्र दोन दिवसांच्या प्रवासावर आहे. एकदा ये, सगळं दाखवतो, असं मी तिला दरवर्षी म्हणायचो, कारण ती येणार नाही याची मला खात्री होती. आता पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी तिला ही नऊ स्थळं पाहायची होती. मी पाठवलेली पुस्तिका तिने म्हणे त्यांच्या वाचनालयात सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवली होती आणि हे माझ्या भावाने लिहिलंय असं दोन-दोनदा सांगितलं होतं.

बायकोला मी पुरता माहीत आहे. मुलगी मला 'बाबा, तुम्ही राहू द्या' यापलीकडे काही म्हणत नाही. कचेरीत माझी किंमत कुलपाच्या किल्लीइतकी. साऱ्या जगात ताई ही एकच व्यक्ती आहे जिला मी कुणीतरी वाटतो. तिच्यासमोर खोटं पडणं मला परवडणारं नव्हतं. तेव्हा आदल्या रविवारी गुपचूप जाऊन सगळं बघून यायचं मी ठरवलं. त्या रविवारी नळ तुटलाच.

बायकोला मी म्हटलं, सांभाळून घे. ती म्हणाली, मी काही बोलणार नाही, मी फक्त बघायला येते. नऊ स्थळं बघायला की मला बघायला, हे तिने स्पष्ट केलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत. कुणी कुठेही निघालं, अगदी कोपऱ्यावर ब्रेड आणायला, तरी ते दिशा सांगतात. म्हणून इमारतीत सगळे त्यांना होकायंत्र म्हणतात. ताई आली त्याच संध्याकाळी त्यांना सुगावा लागला आणि ते कागद-पेन्सिल घेऊन वर आले. त्यांचं म्हणणं असं की उलटं जायचं, नवव्या स्थळापासून पहिल्याकडे, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. ताई शांतपणे म्हणाली, नववं शेवटी. होकायंत्राने उन्हाचं गणित पुन्हा समजावलं. ताईने पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी दिशेचा नाद सोडला आणि सामानाकडे वळले. खडकांवर जायचं तर दोर हवा म्हणे. स्वतःचा चाळीस फुटी नायलॉनचा दोर त्यांनी आणून माझ्या खांद्यावर घातला आणि परत करताना ओला नको, अशी ताकीद दिली. मी नाही म्हणू शकलो नाही. तो दोर मी दिवसभर वाहिला.

सकाळी टॅक्सी आली. ताई डाव्या खिडकीशी बसली. समुद्र उजवीकडे दिसेल असं मी तिला सांगितलं, कारण नकाशावर तो उजवीकडे होता. ती म्हणाली, असू दे, मला हीच बाजू बरी. उजवीकडे भला मोठा निळा समुद्र आणि ताई डावीकडे सिमेंटच्या गोण्यांचं दुकान बघतेय. मला वाटलं, बिनसलं काहीतरी. तिने पुस्तिका पर्समधून काढली. पानं मऊ पडली होती आणि शेवटच्या पानावर एका ओळीखाली लाल शाई दिसत होती. कोणती ओळ ते मला दिसलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

टॅक्सीवाल्याने आरशातून पुस्तिका पाहिली आणि त्याचा सूर बदलला. हे पुस्तक घेऊन माणसं गाडीत बसतात, तो म्हणाला, आणि संध्याकाळी मला शिव्या घालून उतरतात. ज्याने कुणी हे लिहिलंय त्या माणसाला एकदा भेटायची त्याची फार इच्छा होती. काय करणार भेटून, असं आमच्या हिने, म्हणजे बायकोने, उगाचच विचारलं. त्याने सांगितलं नाही, पण स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली.

"हा काय," ताई कौतुकाने म्हणाली, "तुमच्या शेजारीच बसलाय."

पुढचे दोन किलोमीटर टॅक्सीवाल्याने रस्त्यापेक्षा माझ्याकडेच जास्त पाहिलं. नंतर मात्र तो एकदम खुलला. त्या दिवशी प्रत्येक ठिकाणी तो गाडी बंद करून आमच्याबरोबर आला, वेटिंगचं नावही काढलं नाही. त्याला माझ्या चेहऱ्याकडे बघायचं होतं.

पहिलं स्थळ किल्ला. 'अवघ्या बारा पायऱ्या चढून गेले की आपण इतिहासात पाऊल ठेवतो,' असं मी लिहिलं होतं. ताई पायऱ्या मोजायला लागली. बारा झाल्या, तेव्हा आम्ही खालच्या पाण्याच्या नळाशी होतो. वर बघितलं तर पायऱ्या ढगात गेल्या होत्या. त्या एकूण चारशे बारा निघाल्या. कचेरीत परतल्यावर मी फाईल उघडून पाहिली: ४१२ हाच आकडा होता, पण कागद फाईलला लावताना पंचिंग मशीनचं भोक नेमकं चारावर पडलं होतं. मी त्या भोकातून पलीकडचं पान बघितलं असेल, चार बघितला नाही. एका भोकापायी माझ्या बहिणीचे गुडघे पणाला लागले याचं मला आजही वाईट वाटतं. मी तिला म्हटलं, ताई, राहू दे, खालूनच बघू. ती दर वीस पायऱ्यांवर बसली, गुडघा चोळला आणि उठली. वर पोहोचलो तेव्हा माझा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. बुरुजावरून तिन्ही बाजूंचा समुद्र दिसत होता, चढल्याचं सार्थक झालं असं म्हणावं असा. आणि ताई समुद्राकडे पाठ करून बुरुजाच्या भिंतीवर बसली आणि खालचं बस स्टँड बघायला लागली.

आता मात्र मला खात्री पटली. ती माझ्यावर रागावली होती. बारा म्हणून चारशे बारा चढवल्यावर कुणीही रागावेल. मी विचारलं, समुद्र बघायचा नाही का. ती म्हणाली, आत्ता नको.

दुसरं स्थळ, निसर्गाने कोरलेली खडकाची कमान. 'हिच्याखाली उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह आवरत नाही.' आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे दोन खांब उभे होते आणि मधे आकाश होतं. टॅक्सीवाल्याने आनंदाने माहिती पुरवली की कमान नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात पडली. मला आठवलं. कमान पडल्याचं पत्र कार्यालयात आलं होतं. पण ते 'पडझड व दुरुस्ती' या टेबलाकडे गेलं, आणि माझं टेबल 'माहिती व परवाने'. दोन टेबलांच्या मधे एक खिडकी आहे, पण पत्रं खिडकीतून द्यायची पद्धत नाही. ताई दोन खांबांच्या मधे जाऊन उभी राहिली, मान वर केली, म्हणाली, काढ फोटो. मी काढला. त्यात ताई आहे आणि तिच्या डोक्यावर एक पक्षी आहे.

तिसरं स्थळ गुहा. आत मासेमारीची जाळी ठेवली होती आणि दाराला कुलूप होतं. चौथं, पक्ष्यांची दलदल. पक्षी या महिन्यात नसतात. पाचवं, ऐतिहासिक तोफ. ती रंग द्यायला नेली होती, ती कधी परत येणार हे तिथल्या रखवालदाराला माहीत नव्हतं, त्याची नेमणूकच तोफ गेल्यानंतरची होती. तोफ नसताना रखवालदार कशाला, असं हिने विचारलं. तो म्हणाला, चौथऱ्याला. सहावं आणि सातवं आम्ही गाडीतूनच पाहिलं, कारण दुपारचे तीन वाजले होते आणि 'आरामात' हा शब्द गाडीत सगळेजण आळीपाळीने उच्चारायला लागले होते.

आठवं स्थळ दीपगृह. इथे तरी माझी अब्रू वाचेल अशी मला आशा होती, कारण दीपगृह आहे तिथेच होतं. दारात दीपगृहाचा रखवालदार बसला होता. इस्त्री केलेला गणवेश, समोर रजिस्टर. त्याने परवाना मागितला. वर जायला पर्यटन कार्यालयाचा परवाना लागतो. मी मोठ्या थाटात सांगितलं, की तो परवाना देणारा माणूस मीच.

"मग द्या," तो म्हणाला.

परवान्याचे कोरे फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होते. खणाला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती. मी किल्ली काढून त्याला दाखवली. किल्ली हा परवाना नव्हे, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मी कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या टेबलावरच्या आमच्या सहकाऱ्याने उचलला. मी म्हटलं, फोनवरून जरा रखवालदाराला सांग, की परवानगी आहे. तो म्हणाला, परवान्याचं काम बघणारे आज रजेवर आहेत. मी म्हटलं, अरे बाबा, मीच बोलतोय. तो म्हणाला, "हो, आवाज ओळखला. पण तुम्ही रजेवर आहात ना." आणि उद्या या, असा सल्ला देऊन त्याने फोन ठेवला. हे वाक्य मी स्वतः बावीस वर्षांत किती माणसांना ऐकवलं असेल, याचा हिशेब मी दीपगृहाच्या ओट्यावर बसून करायला लागलो आणि सोडून दिला.

शेवटी रखवालदाराला दया आली. कोऱ्या कागदावर सही करा म्हणाला, माझ्याकडे तुमच्या सहीचा नमुना आहे, जुळली तर सोडतो. मी सही केली. खांद्यावरचं दोराचं वेटोळं दर अक्षराला हातावर घसरत होतं. त्याने दोन्ही सह्या शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या आणि मान हलवली. मी माझ्यासारखी सही करत नव्हतो. त्याच्या मागे भिंतीवर एक सूचना चिकटवलेली होती: 'परवान्याशिवाय प्रवेश नाही. कोणत्याही कारणास्तव अपवाद केला जाणार नाही.' अपवाद या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली होती. ती सूचना मीच काढलेली. रेघाही माझ्याच. टॅक्सीवाला तोंडावर हात ठेवून गाडीमागे गेला.

ताई एवढा वेळ तिथल्या बाकावर बसली होती, दीपगृहाच्या भिंतीकडे तोंड करून. ती उठली आणि म्हणाली, चला, आता नववं.

नववं म्हणजे द्वीपकल्पाचं टोक. तिथे बांधलेलं काही नाही, कुलूप नाही, पायरी नाही, परवाना नाही. जमीन संपते आणि काळ्या खडकांपुढे समुद्र सुरू होतो, एवढंच. ऊन उतरलं होतं. ही आणि टॅक्सीवाला मागे थांबले. ताईने माझा दंड धरला आणि खाली बघत, एकेक पाऊल टाकत ती पुढच्या खडकापर्यंत आली. बसली. समुद्र समोर होता, तरी तिने मान वर केली नाही. मला ते सहन होईना. दिवसभरात एवढा अपमान झाला होता की आणखी एकाने काही बिघडणार नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "मी यातलं काहीसुद्धा पाहिलेलं नाही. सगळं खुर्चीत बसून लिहिलंय. तुला उगाच फरफटवलं."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

तिने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. लाल रेघ मारलेली ओळ अशी होती: 'टोकावरच्या खडकावर बसावे. लाट पायांपर्यंत येते, क्षणभर विचार करते आणि आल्या वाटेने निमूट परत जाते.' फाईलमध्ये नवव्या स्थळाबद्दल काहीच नव्हतं. हे वाक्य मला लिहिता लिहिता सुचलं होतं. साहेबांनी त्याच्यापुढे समासात 'सुंदर' असं लिहिलं होतं, आणि मी जरा लाजलोही होतो.

"हे वाक्य तुझं नाही," ताई म्हणाली. "माझं आहे."

आणि मला आठवलं. मी चौथीत होतो. 'समुद्रकिनाऱ्यावरील एक दिवस' असा निबंध आणायला सांगितला होता. मी रडत बसलो होतो, कारण समुद्र आमच्यात कुणीच पाहिलेला नव्हता. ताई घरामागच्या कालव्यावर भांडी घासत होती. तिने घासता घासता सांगितलं आणि मी लिहून घेतलं. निबंधाला बक्षीस मिळालं, कंपासपेटी. पंचेचाळीस वर्षांत मी ते इतकं विसरलो होतो, की ते वाक्य माझंच आहे असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

"मी तरी कुठे बघितला होता समुद्र," ती म्हणाली. "कालव्याकडे बघून तुला काहीतरी ठोकून दिलं. मनाला लागून राहिलं होतं, की लेकराला खोटं लिहायला लावलं. आणि आता तेच छापून आलं. म्हटलं, पाय चालतायत तोवर जाऊन बघावं, खरं आहे का ते. पण बघायचा तर इथेच, या खडकावरून. म्हणून सकाळपासून डोळे चुकवत आले. मान अवघडली माझी."

मग तिने मान वर केली.

मला रडू येत होतं आणि खांद्यावरचा दोर टोचत होता. एक लाट आली, तिच्या पायांपर्यंत आली, थबकली आणि निमूट परत गेली. ताईने माझ्याकडे पाहिलं. दुसरी आली, तीही तशीच वागली. ताईचा चेहरा असा उजळला, की दिवसभराचं सगळं मी विसरलो. तिसरी लाट आली, क्षणभर विचार केला आणि ताईच्या डाव्या पायातली चप्पल घेऊन गेली.

मी दोर खडकावर टाकला आणि पँट वर करून पाण्यात उतरलो. मागून टॅक्सीवाला, अजून डावीकडे, अजून डावीकडे, असं ओरडत होता. हिने पुढे येऊन दोराचं टोक माझ्याकडे फेकलं, ते पाण्यात पडलं. चप्पल माझ्या हाताच्या एक वीत पुढे तरंगत राहिली आणि मग दिसेनाशी झाली. मी कमरेपर्यंत भिजून वळलो, तर ताई खडकावर बसून हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तशी हसताना मी तिला आमच्या आईच्या आजारपणानंतर पाहिलं नव्हतं.

"निमूट नाही रे," ती म्हणाली. "खोटं होतं ते. दुरुस्त कर."

परत जाताना तिच्या डाव्या पायात माझा ओला बूट होता, तो निसटू नये म्हणून हिने होकायंत्राच्या दोराचा तुकडा कापून बांधला होता. होकायंत्र त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. दिशासुद्धा सांगितली नाही.

पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली आहे. पायऱ्या चारशे बारा. कमानीच्या जागी दोन खांब. 'आरामात' हा शब्द काढला. नवव्या स्थळाखाली लिहिलंय: 'लाट पायांपर्यंत येते, क्षणभर विचार करते आणि कधीकधी चप्पल घेऊन जाते.' साहेबांनी ओळीपुढे 'काय हे?' असं लिहिलं आणि फाईल परत पाठवली. आमच्याकडे प्रत्येक मजकुरासोबत एक तक्ता भरावा लागतो. त्यात 'माहितीचा आधार' असा रकाना असतो, तिथे मी बावीस वर्षं 'जुनी फाईल' असं लिहीत आलो. या वेळी मी लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी'. साहेबांनी सही केली. ओळ राहिली.

पहिली प्रत ताईला पाठवली. गुडघ्याला पट्टी होती, अंथरुणातच वाचली म्हणे, आणि लगेच फोन केला. मी वाट बघत होतो, की आता ताई काय म्हणते.

"बरी लिहिलीस," ती म्हणाली. "पण डाव्या पायातली, हे राहिलं."